शब्दचर्चा: ‘थिऑक्रसी’ला मराठीत काय म्हणावं? (खेळासाठी हवंय)

डोंबिवलीकर
आमचा गट डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकत, पात्रं वठवत गोष्ट रचायचा खेळ मराठीतून खेळतो. फासे तेच, बोलणं मराठी. सध्या डाव ग्रेहॉक नावाच्या काल्पनिक जगात चालू आहे. खेळाच्या जनकांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्सने हे जग १९८० साली छापून आणलं, आणि जुनं असलं तरी त्याचा नकाशा अजून हातातून सुटत नाही. त्यात ईशान्येला ‘थिऑक्रसी ऑफ द पेल’ नावाचा देश आहे. राजा नाही. फोल्टस नावाच्या देवाचे पुजारीच कारभार बघतात. राजधानी विंटरशिवन, सर्वोच्च पद ‘थिऑक्रॅट’. देव तसा भला. प्रकाश, कायदा, सुव्यवस्था ही त्याची खाती, आणि त्याच यादीत ताठरपणासुद्धा अधिकृतपणे नोंदलेला आहे! देशात दुसऱ्या देवाची पूजा चालत नाही.

मला नकाशावर लिहायला एक शब्द हवाय. ‘धर्मराज्य’ सुचतो, पण तो लिहिला की खेळाडू निर्धास्त होऊन आत शिरतील. काय लिहू?

बेळगावकर
धर्मराज्य अजिबात नको. आपल्याकडे धर्म म्हटलं की आधी नीती आणि कर्तव्य. शेजारधर्म, राजधर्म, धर्मशाळा, धर्मार्थ दवाखाना, ‘वाहणं हा पाण्याचा धर्म’. त्यात युधिष्ठिराला आपण धर्मराजच म्हणतो. त्यामुळे ‘धर्मराज्य’ म्हणजे जिथे न्याय मिळतो ते राज्य, असंच मराठी माणसाच्या मनात उमटतं. तुमच्या पेलमधले पुजारी स्वतःच्या देशाला खुशाल धर्मराज्य म्हणतील, तो त्यांचा प्रचार. नकाशा काढणाऱ्याने म्हणू नये.

‘धर्मसत्ता’ जवळचा आहे, पण तो शब्द जोडीने येतो: राजसत्ता आणि धर्मसत्ता. म्हणजे दोन सत्ता वेगळ्या आहेत हे त्यात गृहीतच धरलेलं असतं. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत पंडितराव होते, दानधर्म आणि धर्मविषयक निवाडे त्यांच्याकडे. पण ते आठांपैकी एक प्रधान, छत्रपतींच्या हाताखालचे. तुमच्या खेळात तर पंडितरावच सिंहासनावर बसले आहेत. त्याला धर्मसत्ता म्हटलं तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल.

नाशिककर
सरळ ‘पुरोहितशाही’ म्हणा की. लोकशाही, हुकूमशाही, नोकरशाही, तशी पुरोहितशाही. ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

बेळगावकर
कळतं खरं, पण भलतंच कळतं. पुरोहितशाही, भटशाही हे शब्द एकोणिसाव्या शतकापासून जातिव्यवस्थेवरच्या टीकेत वापरून धारदार झालेले आहेत. तिथे पुरोहित गादीवर नसतो. राज्य इंग्रजांचं असो नाहीतर आणखी कोणाचं, त्याची पकड समाजावर असते. शिवाय रोजच्या बोलण्यात पुरोहित म्हणजे सत्यनारायण सांगायला येणारे गुरुजी. ते दक्षिणा घेऊन पुढच्या घरी जातात, करवसुली करत नाहीत.

सदाशिवपेठकर
मूळ ग्रीक शब्दाकडे बघा. तो घडवला जोसेफस या पहिल्या शतकातल्या ज्यू इतिहासकाराने. कोणाकडे एकाची सत्ता, कोणाकडे थोड्यांची, कोणाकडे बहुतांची. आमच्या मोझेसने मात्र सत्ता देवाच्या हाती दिली, असा त्याचा रोख होता. म्हणजे शब्दशः ‘ईश्वरसत्ता’. पुजाऱ्यांच्या राज्याला खरं तर हायरॉक्रसी असा वेगळा शब्द आहे, पण वापरात दोन्हींची सरमिसळ झाली.

आणि इथेच तुमच्या खेळात गंमत आहे. आपल्या जगात देवाच्या नावाने राज्य करणाऱ्याला ‘देवाने सांगितलं’ एवढंच म्हणता येतं. ग्रेहॉकमध्ये देव खरे आहेत, पुजाऱ्याच्या मंत्राने जखम भरते. त्यामुळे खेळाडूंसमोरचा प्रश्न वेगळा होतो: हा हुकूम खुद्द फोल्टसचा, की विंटरशिवनच्या एखाद्या कारकुनाचा? मी तर ‘ईश्वरसत्ता’ हे राज्याचं नाव ठेवीन आणि ते खरं की खोटं हे डावात कळू देईन.

म्हापसेकर
एक गोष्ट वेगळी काढतो. ‘कडक’ आणि ‘धर्माचं राज्य’ या दोन गोष्टी एकच नव्हेत. आमच्या गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे कॅथलिक चर्चचं धर्मन्यायालय, १५६० ते १८१२ पर्यंत होतं, मधली १७७४ ते १७७८ ही चार वर्षं सोडून. जुन्या गोव्यातल्या त्याच्या इमारतीला लोक नुसतं ‘व्हडलें घर’ (मोठं घर) म्हणत, नाव घ्यायचीही भीती. १७३६ चं फर्मान वाचा. बाटलेल्या लोकांनी लग्नात विडा-सुपारी वाटायची नाही, दारात तुळस ठेवायची नाही, इथपर्यंत बारकावे. यापेक्षा कडक काय असणार? पण राज्य कोणाचं? पोर्तुगालच्या राजाचं. व्हाइसरॉय त्याचा माणूस. कडक होतं ते धर्माचं खातं, सिंहासन राजाचंच.

म्हणून विशेषण जपून वापरा. ‘कर्मठ’ म्हणजे सोवळं-ओवळं, विधी, नेमधर्म यांत कडक. (हिंदीत कर्मठ म्हणजे कष्टाळू, तिकडून आलेल्या खेळाडूचा घोटाळा व्हायचा.) ‘कडवा’ म्हणजे आपल्या बाजूसाठी मरायला आणि मारायला तयार. पेलचे पुजारी मला कडवे वाटतात. कर्मठ असतीलच असं नाही.

म्युनिककर
इतिहासातलं उदाहरण हवं तर पोपचं राज्य बाजूला ठेवा आणि ट्यूटॉनिक ऑर्डर बघा. हे जर्मन धर्मयोद्धे. दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन अशी तीन व्रतं घेतलेले, अंगावर पांढरा झगा, त्यावर काळा क्रॉस. तेराव्या शतकात प्रशिया जिंकून तिथे त्यांनी स्वतःचं राज्यच थाटलं. १३०९ मध्ये त्यांचा प्रमुख व्हेनिसहून मारिएनबुर्गला राहायला आला. तो विटांचा अवाढव्य किल्ला आज पोलंडमध्ये आहे, माल्बोर्क नावाने. किल्ला, मठ आणि सचिवालय एकाच तटाच्या आत. जिल्ह्याजिल्ह्याला एकेक अधिकारी, तोही व्रतस्थ. प्रमुख निवडून यायचा, कारण मुलंच नाहीत तर वारस कुठला! १४१० मध्ये ग्रुनवाल्डला पोलंड-लिथुआनियाने त्यांना झोडपलं, तरी राज्य आणखी शंभरेक वर्षं टिकलं. १५२५ मध्ये आल्ब्रेख्त या प्रशियातल्या शेवटच्या प्रमुखाने झगा उतरवला, ल्यूथरचा पंथ धरला आणि तीच जमीन स्वतःच्या घराण्याची म्हणून ड्यूक झाला. माल्टातही असंच एक राज्य होतं, १५३० पासून १७९८ मध्ये नेपोलियन येईपर्यंत.

जर्मनमध्ये याला ऑर्डेन्सश्टाट, म्हणजे धर्मसंघाचं राज्य, म्हणतात. मराठीत शब्दशः करायला गेलं की ‘संघराज्य’ होतं, आणि तो शब्द संविधानाने आधीच घेतलेला आहे! मी स्वतः ‘पंथराज्य’ वापरतो. महानुभाव पंथ, नाथपंथ या वापरामुळे पंथ म्हणजे दीक्षा, गुरू, नियम हे सगळं आपोआप येतं. ‘संप्रदाय’ फार मऊ आहे, तो म्हटला की दिंडी आणि टाळ ऐकू येतात.

नाशिककर
हत्यारबंद साधूंना आमच्याकडे शब्द तयार आहे: आखाडा. कुंभमेळ्यात शैव आखाडे त्र्यंबकेश्वरला, वैष्णव आखाडे नाशिकला. देशाचं नाव म्हणून नाही चालणार, पण त्या पुजाऱ्यांच्या फौजेला द्याच. ‘फोल्टसचा आखाडा चालून आला’ हे कानाला बरोबर लागतं.

डोंबिवलीकर
आखाडा घेतला! पंथराज्यही पटतंय. आता प्रमुखाचं पद. मठाधिपती कसं वाटतं?

सदाशिवपेठकर
नको. आजकाल मठाधिपती म्हणजे संमेलनाच्या व्यासपीठावरचे ठरावीक चार लोक. खेळाडू हसतील. ‘महंत’ घ्या. त्याला गादी आहे, शिष्य आहेत, वजन आहे. थिऑक्रॅट म्हणजे ‘महामहंत’.

बेळगावकर
सरहद्दीवरचे लोक मात्र हे शब्द वापरणार नाहीत. राज्याला दोन नावं लागतात, एक आतल्यांचं, एक बाहेरच्यांचं. मोगलाई हा खरं तर साधा शब्द, मोगलांचा मुलूख. पण ‘इथे काय मोगलाई लागून गेलीय का?’ असं आपण म्हणतो तेव्हा त्यात तीनशे वर्षांचा वैताग असतो. शेजारच्या गावचा शेतकरी ‘पंथराज्य’ कशाला म्हणेल? तो म्हणेल ‘महंताई’. ‘महंताईत गेला तो, आता कसला येतोय परत.’

म्हापसेकर
झकास! परधर्मीयाला काय म्हणणार? ‘पाखंडी’ वापरा. मजा म्हणजे अशोकाच्या शिलालेखांत ‘पासंड’ म्हणजे कुठलाही पंथ, त्यात शिवी नाही. उलट सगळ्या पासंडांचा मान राखा असं तो सांगतो. शिवी नंतर चिकटली. तुमच्या जगातल्या एखाद्या म्हाताऱ्या विद्वानाने हा शब्द जुन्या अर्थाने वापरला आणि त्यावरून त्याला पकडून नेलं, तर एक अख्खा डाव त्यावर निघेल.

डोंबिवलीकर
तर नकाशावर ‘फोल्टसचं पंथराज्य’, खाली बारीक अक्षरांत ‘लोकांच्या तोंडी: महंताई’. आतले लोक धर्मराज्यच म्हणतील. सरहद्दीच्या चौकीवर परक्याला कागद दाखवावा लागतो, त्याला ‘शुद्धिपत्र’ म्हणायचं ठरवलंय. ज्ञानेश्वरादी भावंडं पैठणला गेली ती याच कागदासाठी, त्यामुळे शब्दाला वजन आहे.

सदाशिवपेठकर
वजन आहे, पण आज शुद्धिपत्र म्हणजे पुस्तकाच्या शेवटी ‘पान ४२, ओळ ७, अमुकऐवजी तमुक वाचावे’.

डोंबिवलीकर
मग तर पक्कंच. चौकीवरचा पुजारी त्यात खेळाडूची नावं, गावं आणि देव दुरुस्त करून देईल.