गोटी सोड्याचं जुनं यंत्र: गॅस टिकत नाही

गोव्यातल्या डिचोली बाजारातल्या जुन्या सोडा-मिठाईच्या दुकानातलं हाताने फिरवायचं यंत्र पुन्हा चालू करायचं आहे. २०१२ साली लोहखनिजाच्या खाणी थांबल्यावर गिऱ्हाईक आटलं, पण पेटी, चाक, बाटल्या शाबूत आहेत. गोटी वर बसते, तरी तासाभरात सोडा मरतो. दाब वाढवू का? आणि बरणीतलं खाजे (गूळ-आल्याच्या पाकात घोळलेल्या बेसनाच्या कांड्या) पावसात चिकटतं, त्याला काय करावं?

उत्तर १
दाब अजिबात वाढवू नका. जुन्या काचेत न दिसणारी चीर असते, बाटली फुटली तर काचा थेट तोंडावर. जाळीचं झाकण आणि चष्मा हवाच.

आधी पाणी पाहा. त्याच दाबाला २५ अंशांपेक्षा ४ अंशांच्या पाण्यात जवळजवळ दुप्पट वायू मुरतो. पाणी रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. बाटलीत दोन-तीन बोटं जागा सोडा. काठोकाठ भरली तर पाणी घुसळत नाही आणि गॅस वरच राहतो. हवा सोडायची तोटी असेल तर गॅस देऊन एकदा सोडा, मग पुन्हा भरून फिरवा. शेवटी तोंड खाली ठेवूनच बाटली सोडवायची, म्हणजे गोटी आपल्या वजनाने बसते.

तासाभरात मरतो म्हणजे मात्र बाटलीच्या तोंडातली, गोटी जिला टेकते ती रबरी कडीच गेली. गोटीची बाटली काढणाऱ्या हायरम कॉड यांच्या १८७२च्या पेटंटचा सगळा जीव त्या कडीत आहे. भरलेली बाटली पाण्याच्या बादलीत तोंड वर ठेवून पूर्ण बुडवा, बुडबुडे कुठून येतात ते कळेल. कडक कडी काढून खाण्याच्या दर्जाची नवी घ्या, कोमट पाण्यात मऊ करा आणि बोथट काडीने खाचेत बसवा. सुरी नको. गोटीला टवका असेल तर नवी कडीही गळेल.

उत्तर २
पितळी-तांब्याच्या भागांची कल्हई तपासा, हे सगळ्यांत महत्त्वाचं. सोडा आम्लधर्मी असतो; कल्हई उडाली की तांबं पाण्यात उतरतं. शुद्ध कथलाचीच कल्हई करून घ्या, शिसं मिसळलेली नको. गॅसच्या सिलिंडरवर शेवटच्या चाचणीची तारीख पाहा, दर ५ वर्षांनी चाचणी लागते.

उत्तर ३
खाजे चिकटतं कारण गूळ हवेतलं पाणी ओढतो. पाक कच्चा असेल तर आणखी लवकर. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून ताटलीवर आपटला की टणक वाजला पाहिजे. आलं पाकात आधीच घालून त्याचं पाणी आटू द्या. बेसनाच्या कांड्या तळून पूर्ण निवल्यावरच पाकात घोळायच्या. गरम असताना घोळल्या की वाफ आत कोंडते. बरणीपेक्षा घट्ट झाकणाचा डबा बरा, बरणीत फक्त दिवसभराच्या विक्रीपुरतंच.