११ पटाची झेडपी शाळा, मुलीला ठेवू का तालुक्याला घालू?

सड्यावरची:
नमस्कार मंडळी, आम्ही विरार सोडून गावी आलोय, संगमेश्वर तालुक्यात, सासरचं घर आणि थोडी कलमं आहेत. मुलगी जूनला दुसरीत जाईल. वाडीतच झेडपीची शाळा आहे पहिली ते चौथी, सगळा मिळून पट ११, शिक्षक कागदावर दोन पण त्यातले एक सर कामगिरीवर म्हणजे तात्पुरते दुसऱ्या शाळेत, म्हणजे चारही वर्ग एकट्या बाईंकडे. ह्यांचं म्हणणं तालुक्याला इंग्लिश मीडियमला घालू, पण व्हॅन पावणेसातला येते आणि पोर घरी यायला तीन वाजणार. शाळेत जाऊन आले, बाई चांगल्या वाटल्या, भिंतीवर टीव्हीपण आहे पण लाइटबिल थकल्याने बंद. एवढ्याशा शाळेतल्या मुलांना खरंच काय येतं हे कुठे बघायला मिळतं का? आणि शाळा मध्येच बंद झाली तर काय करायचं?

खडूफळा:
ताई, मी झेडपीतच शिकवतो, साताऱ्याकडे. यूडायस म्हणजे सगळ्या शाळांची माहिती ठेवणाऱ्या सरकारी साइटवर शाळेचा ११ अंकी कोड टाकलात की पट, शिक्षक, खोल्या, संडास, कॉम्प्युटर सगळं दिसतं, पण मुलांना वाचता येतं का ते तिथे नसतं. मुलं काय शिकली ते तपासणारे सरकारचे मोठे सर्व्हे, म्हणजे २०२१ चा नॅस किंवा डिसेंबर २०२४ चा परख, हे निवडक शाळांमध्ये होतात आणि निकाल जिल्ह्याचा येतो, तुमच्या वाडीचा नाही. आणि समजा शाळेचा निकाल मिळाला तरी तिसरीत दोनच मुलं असतील आणि एक परीक्षेला तापाने आजारी असेल तर टक्केवारीला काय अर्थ राहतो? तेव्हा टक्के मागू नकाच.

त्यापेक्षा बाईंना विचारून एक दिवस वर्गात बसा. तिसरी-चौथीच्या पोरांना दुसरीच्या पुस्तकातली न शिकवलेली गोष्ट वाचायला द्या, अडखळत का होईना पण अर्थ सांगतायत का बघा, मग हातच्याची एक वजाबाकी द्या. प्रथम संस्थेवाले त्यांच्या असर सर्व्हेमध्ये साधारण हेच तपासतात. आणि बाई पहिलीला शिकवत असताना चौथी काय करते ते नक्की बघा. मुलं कार्ड घेऊन, जोडीने, आपापलं काम करत असतील तर बहुवर्ग अध्यापन, म्हणजे एकाच वेळी अनेक वर्ग शिकवणं, बाईंना जमलंय असं समजा, नुसतं शुद्धलेखन काढत बसली असतील तर मात्र विचार करा. आमच्याकडे कुमठे बीटमध्ये, म्हणजे कुमठ्याच्या आसपासच्या शाळांच्या गटात, हे झेडपीच्याच शाळांनी करून दाखवलंय, महाराष्ट्रभरातून शिक्षक बघायला यायचे.

पैशाचं म्हणाल तर समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या निकषात ३० पर्यंतच्या पटाला संयुक्त शाळा अनुदान वर्षाला १० हजार. खडू, रजिस्टर, झाडू, किरकोळ दुरुस्ती आणि लाइटबिल सगळं त्यातच, आणि तेही वेळेवर येईल असं नाही. टीव्ही का बंद आहे ते यावरून कळेल. बाईंचा त्यात दोष नाही.

देवरुखकर७:
मी वेगळं सांगतो, राग मानू नका. माझा मुलगा चौथीपर्यंत अशाच शाळेत होता, वर्गात तो एकटा. शिकला चांगलं, पाढे तोंडपाठ, वाचन मस्त, पण बरोबरीचं कोणी नाही. कबड्डीला पोरं नाहीत, स्नेहसंमेलन नाही, आपण कितीत आहोत हेच कळायचं नाही. पाचवीला ४५ च्या वर्गात गेल्यावर पहिली सहामाही तोंड उघडलं नाही त्याने. आणि त्या वर्षी शिक्षकांच्या जिल्हाबदल्या झाल्या तेव्हा महिनोन्महिने दुसरा शिक्षकच आला नाही, एकच सर, त्यांच्याच डोक्यावर बीएलओचं म्हणजे मतदारयाद्यांचं काम, पोषण आहाराचे हिशेब, ऑनलाइन माहिती, मग शिकवणार कधी. आज बाई चांगल्या आहेत म्हणता, उद्या त्यांचीच बदली झाली तर?

वाडीतलाच:
दादांचं एकटेपणाचं म्हणणं पटतं. आमच्याकडे त्यावर उपाय म्हणून शेजारच्या वाडीच्या शाळेबरोबर दर शनिवारी एकत्र भरवतो, खेळ, परिपाठ, गाणी, वीस-बावीस मुलं होतात, केंद्रप्रमुखांनीच पुढाकार घेतला.

मी शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष आहे म्हणून बाकीचं सांगतो. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला ६० पर्यंतच्या पटाला दोन शिक्षक आहेत. पण १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या (पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याच्या) जीआरनुसार २० पर्यंतच्या पटाला एक नियमित आणि गरजेनुसार दुसरा निवृत्त शिक्षकांमधून. म्हणून तुमच्या सरांचं पद नक्की मंजूर आहे का ते आधी विचारा, असेल तर कामगिरी रद्द करा असा ठराव समितीत घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या. तोंडी सांगून काही होत नाही, पोच घ्या. समितीत पाऊण सदस्य पालक लागतात आणि निम्म्या महिला, तुम्हीच या त्यात. लाइटबिलाचा विषय ग्रामसभेत घ्या.

शाळा बंद होण्याची भीती खोटी नाही. २०२३ मध्ये समूह शाळांचं, म्हणजे छोट्या शाळा एकत्र करण्याचं, पत्र निघालं तेव्हा २० किंवा कमी पटाच्या १४ हजार ७०० च्या वर शाळा राज्यात होत्या, त्यात शिकणारी पोरं पावणेदोन लाखांच्या पुढे. पण प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत हवी हा नियम आहे, आणि पावसात पऱ्या (ओढा) भरल्यावर सहा वर्षांचं पोर कसं जाणार हे आम्ही लेखी मांडलं होतं. पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातली जालिंदरनगरची झेडपी शाळापण पटाअभावी बंद पडायच्या बेतात होती, तिलाच २०२५ ला जागतिक स्पर्धेत लोकांच्या मतांचा पुरस्कार मिळाला. तुमची मुलगी आली तर पट ११ चा १२ होतो ताई, आमच्यासारख्या शाळेला एकेक मूल लागतं. पण फक्त शाळा टिकावी म्हणून घालू नका, आधी वर्ग बघा.

सड्यावरची:
खूप आभार सगळ्यांचे. सोमवारी जाऊन बसते वर्गात, पुस्तक घेऊनच जाते. व्हॅनवाले आगाऊ मागतायत, त्यांना थांबायला सांगितलंय. आणि सरांच्या पदाचं कुठे कळेल, केंद्रप्रमुखांकडे की पंचायत समितीत?

खडूफळा:
संचमान्यतेची प्रत बाईंकडेच असेल, त्यांच्याकडे मागा. नसेल तर पंचायत समितीत शिक्षण विभागात. जून उजाडायच्या आत अर्ज द्या ताई, शाळा सुरू झाल्यावर कामगिरीवरचा माणूस परत आणणं अवघड जातं.