मदत हवी आहे: पाळणाघराच्या खर्चाला शिक्षणकर्जाची पद्धत का लावू नये?

बालसंगोपन आणि उच्च शिक्षण यांवरील सरकारी खर्चाची तुलना करणारा लेख लिहिताना मी एका मुद्द्यावर अडलो आहे. ऑस्ट्रेलियाने १९८९ पासून विद्यापीठाच्या शुल्काचा वाटा कर्जरूपाने देऊन, पदवीधराचे उत्पन्न ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यावरच तो करव्यवस्थेमार्फत वसूल करण्याची पद्धत स्वीकारली. कॅनडातील क्युबेक प्रांताने मात्र १९९७ मध्ये दिवसाला ५ डॉलर शुल्काची पाळणाघरे सुरू करून उरलेला भार अनुदानावर घेतला. पाळणाघराचा खर्च बहुधा आईवडिलांची कमाई बेताची असतानाच येतो, मग उत्पन्नाशी जोडलेली परतफेड तिथे का लागू करू नये? (लाभ मुलाचा आणि कर्ज पालकांचे, एवढेच कारण मला पुरेसे वाटत नाही.) सार्वजनिक अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी कृपया मार्गदर्शन करावे.