शब्दचर्चा : 'ध'चा 'मा', आणि त्याच दिवसाचे आणखी काही शब्द

"टंकलेखनात 'ध'चा 'मा' झाला आणि उताऱ्यावर भलतंच नाव लागलं" अशी वाक्यं हल्ली सर्रास दिसतात. साध्या नजरचुकीला हा वाक्प्रचार चालतो का? की मुद्दाम केलेल्या फेरफारालाच तो लावायचा? आणि 'ध'चा 'म' न म्हणता 'मा' का म्हणतात?

*

मुळात मुद्दाम केलेल्या फेरफारालाच. म्हणून 'करणे' हे क्रियापद सकर्मक: कुणीतरी 'ध'चा 'मा' करतं. 'होणे' नंतर आलं. नजरचुकीला जुने, नेमके शब्द आहेत. लिहिताना झाली तर हस्तदोष, वाचताना किंवा नकलताना झाली तर दृष्टिदोष. उताऱ्यावर चुकून नाव बदललं तर तो हस्तदोष. तलाठ्याला हाताशी धरून बदललं तर 'ध'चा 'मा'.

*

प्रसंग सगळ्यांना माहीत आहे, तरी तारखेसह मांडून ठेवतो. ३० ऑगस्ट १७७३, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, शके १६९५. शनिवारवाड्यात भर दुपारी नारायणराव पेशव्यांचा खून झाला. वय १८. चुलते रघुनाथराव त्याच वाड्यात नजरकैदेत होते. सुमेरसिंग, खरकसिंग, महंमद युसूफ हे गारद्यांचे, म्हणजे पगारी पायदळाचे म्होरके, आणि तुळाजी पवार हा वाड्यातलाच माणूस. वाड्यात शिरायला सबब थकलेल्या पगाराची. मालकाला वाचवायला आडवा पडलेला चाफाजी टिळेकर त्यांच्यासोबतच मारला गेला. परंपरा अशी की रघुनाथरावांनी गारद्यांना दिलेल्या कागदात 'धरावे' होतं आणि आनंदीबाईंनी त्याचं 'मारावे' केलं.

आता 'मा' का, ते. नुसता 'ध'चा 'म' केला तर 'धरावे'चं होतं 'मरावे'. "नारायणरावांस मरावे" हे मराठीच नव्हे. 'मरणे' अकर्मक आहे, त्याला 'नारायणरावांस' हे कर्म पेलत नाही. 'म'ला काना दिला की 'मारणे' हे सकर्मक क्रियापद मिळतं आणि बाकीचं वाक्य जसंच्या तसं चालतं. सगळा खून त्या कान्यात आहे म्हणा ना. वाक्प्रचार घडवणाऱ्यांचा कान पक्का होता, त्यांनी काना गाळला नाही.

दुसरी गोष्ट '-आवे' या रूपाची. हा विध्यर्थ, आणि कर्माला 'स' लागल्याने प्रयोग भावे. क्रियापद कर्त्याशीही जुळत नाही आणि कर्माशीही. कुणी धरावे हे वाक्य सांगतच नाही. शिवाय विध्यर्थातून आज्ञाही निघते, परवानगीही, नुसती इच्छाही. नंतर कानावर हात ठेवायचे असतील तर याहून सोयीचं रूप मराठीत नाही. 'धरा' लिहिलं असतं तर समोर 'तुम्ही' उभे राहिले असते.

*

पण हा बदल कागदावर जमेल तरी का? बालबोधीत, म्हणजे नेहमीच्या देवनागरीत विचार केला तर 'ध'च्या डोक्यावर शिरोरेषा अर्धवट असते, 'म'च्या डोक्यावर सलग.

*

बालबोधीवरून अंदाज बांधू नका, दरबारी पत्रव्यवहार मोडीत चाले. मोडीत आधी ओळभर सलग रेघ ओढतात आणि मग तिच्याखाली अक्षरं टांगतात. त्यामुळे शिरोरेषा तुटक की सलग ही खूणच तिथे नाही. शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, विरामचिन्हं नाहीत, हात शक्य तितका कमी उचलायचा. यातून दोन उलट गोष्टी निघतात. एक, मोडी वाचणाऱ्याला शब्द संदर्भानं तोडावे लागतात, म्हणून एखादं अक्षर चुकीचं लागलं तर सगळा अर्थ घसरतो. दोन, अक्षरं एकमेकांना चिकटून असल्यामुळे मध्ये काना घुसवायला जागा नसते. 'ध' आणि 'र' यांच्यामध्ये उभी रेघ कोंबली तर ती दाटलेली दिसणारच.

खोडणं त्या मानानं सोपं. काजळी आणि डिंकाची शाई कागदात फारशी मुरत नाही, वर बसते. चाकूनं हलकेच खरवडली तर निघते. पण कागदाचा घोटलेला थर तिच्याबरोबर जातो, आणि त्या जागी पुन्हा बोरू टेकवला की शाई फुटते. कागद उजेडात धरला की ती जागा पातळ दिसते. तेव्हा बदल करायचाच असेल तर सरळ मार्ग एकच: तसाच नवा कागद लिहायचा. आणि मग तो 'ध'चा 'मा' राहत नाही, बनावट पत्र होतं. आज पुढे ठेवून तपासता येईल असा अस्सल कागद नाही. त्यामुळे आनंदीबाईंचं नाव सिद्ध झालेल्या गुन्ह्यासारखं घेऊ नये. 'परंपरा सांगते' एवढंच म्हणावं.

जाता जाता: 'शिक्कामोर्तब' मधली मोर्तब अशाच लबाडीवरचा उपाय. मजकूर संपला की त्याला लागून 'मोर्तब सुद' किंवा 'लेखनसीमा' असा छोटा शिक्का उमटवत, म्हणजे खाली कुणाला ओळ वाढवता येऊ नये. शेपूट बंद झालं. पोट मात्र उघडंच. मधल्या अक्षराला मोर्तब काय करणार?

*

'गारदी' आणि 'गर्दी' एकच का? गारदी गर्दी करून आले म्हणून गारदी, असं ऐकलं आहे.

*

नाही हो. चार वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते आहे.

गारदी हा युरोपी 'गार्द'वरून आलेला शब्द. निजामाकडे फ्रेंच सेनानी ब्यूसीनं कवायती पायदळ उभं केलं, ते हे. त्यातूनच इब्राहिमखान गारदी पुढे मराठ्यांकडे आला आणि १७६१ साली पानिपतानंतर मारला गेला. म्हणजे गारदी ही जातही नव्हे, धर्मही नव्हे, नोकरी आहे; सुमेरसिंग, खरकसिंग या नावांवरूनच ते कळावं. शिलेदाराचं घोडं स्वतःचं, सरदाराला सरंजाम. गारद्याला रोख पगार, म्हणजे तलब. ती थकली की तो दारात धरणं धरून बसे. त्यामुळे गारदी पगारासाठी वाड्यावर आले यात कुणाला नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. नेमकी हीच फट वापरली गेली. सकाळी कुणकुण लागून बंदोबस्ताचं हरिपंत फडक्यांना सांगितलं गेलं होतं, तो वेळेत झाला नाही.

गर्दी फारसीतून, मूळ अर्थ फिरणं, घुमणं, त्यावरून दंगल. उत्तरेत स्वारीच्या धामधुमीला हे शेपूट लावत: जाटगर्दी, भाऊगर्दी. आपली 'भाऊगर्दी' सदाशिवरावभाऊंची. घरच्या भावांशी तिचा संबंध नाही. गुंडागर्दीतलं 'गर्दी'ही तेच.

गारद (पहारा) ही गारदीची बहीण. शिवजयंतीला 'गारद देतात' ती हीच.

"संघ ९० धावांत गारद" मधला गारद मात्र अरबी-फारसी 'गारत'वरून, म्हणजे लुटलेला, नष्ट. खेळाच्या पानावर गारदी येत नाहीत.

लिहिताना जपायचं ते सामान्यरूप: गारदी पुल्लिंगी, म्हणून गारद्याने, गारद्यांनी. 'गारदींनी' चूक. गर्दी स्त्रीलिंगी, म्हणून गर्दीने.

*

'बारभाई' याच प्रकरणातला ना? मग 'बारभाईचा कारभार' ही शिवी कशी झाली?

*

प्रकरण तेच, पण शब्दावर थोडा अन्यायच झाला. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून रघुनाथरावांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि पुणं सोडलं. पुढे नाना फडणीस, सखारामबापू, हरिपंत फडके, त्रिंबकरावमामा पेठे वगैरेंनी नारायणरावांच्या गरोदर पत्नी गंगाबाईंना पुरंदरावर नेलं. तिथे १८ एप्रिल १७७४ ला सवाई माधवराव जन्मले आणि चाळीस दिवसांच्या मुलाला पेशवाईची वस्त्रं मिळाली. हे बारभाईंचं कारस्थान, आणि ते साधलं. तेव्हा 'कारस्थान'ही आजच्याइतकं वाईट नव्हतं, त्याचा अर्थ राजकारण, मसलत. बारा हा आकडा मोजून घेऊ नका, याद्या जुळत नाहीत. बारा भानगडींतला बारा तसाच हा. पण निर्णय अनेकांच्या हाती गेला की ओढाताण होते. पुढे त्यांच्यातलेच मोरोबा फडणीस उलटले. लोकांच्या लक्षात राहिली ती ओढाताण, आणि 'बारभाईचा कारभार' म्हणजे कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही असा कारभार.

*

मूळ प्रश्नाकडे येतो. लिहिताना 'ध'चा 'मा' अशी दोन्ही अक्षरं अवतरणात ठेवा. प्रत्यय जोडूनच, "'ध' चा" असा तोडून नको. 'धचामा' असा एकच शब्द बोलण्यात चालतो, छापताना वाचणारा अडखळतो. आणि ज्याच्यावर लबाडीचा आरोप करायचा नाही त्याच्याबद्दल हा वाक्प्रचार वापरू नका. तिथे "नाव चुकीचं पडलं" पुरेसं आहे.