मदत हवी आहे: जुन्या बाईकच्या टाकीला टच-अप कसं करावं?

वडिलांची जुनी मोटरसायकल माझ्याकडे आहे. इंजिन ठणठणीत आहे, पण टाकीचा रंग झाकणाभोवती फुगून सुटलाय आणि गुडघे घासतात तिथे थेट पत्रा दिसतो. रंग मेटॅलिक मरून. टाकीवरचे सोनेरी पट्टे कंपनीचे मूळ आहेत आणि ते मला कसंही करून वाचवायचे आहेत, म्हणून पूर्ण टाकी रंगवायची इच्छा नाही.

माझा बेत असा: गंज पूर्ण काढायचा, कडा ४०० आणि मग ८०० नंबरच्या वॉटर पेपरने (पाणी लावून घासायचा सँडपेपर) उतरत्या करायच्या, उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर (रंगाखालचं अस्तर), त्यावर बेस कोट (रंगाचा थर) आणि शेवटी हार्डनरवालं टू-के क्लिअर (दोन घटक मिसळून मारायचा पारदर्शक थर). साध्या स्प्रे कॅनचं क्लिअर पेट्रोल सांडलं की मऊ पडतं, आणि झाकणापाशी पेट्रोल सांडतंच. टू-केमध्ये आयसोसायनेट (श्वासातून गेल्यास घातक रसायन) असतं, त्यामुळे योग्य मास्क लावून मोकळ्या हवेतच मारणार.

अडतंय ते शेडपाशी. कलर कोड मिळाला तरी उन्हाने विटलेल्या रंगाशी नवा रंग जुळेल का? मेटॅलिकमध्ये फवाऱ्याचं अंतर बदललं तरी छटा बदलते. आधी जुन्या भागाला रबिंग (पॉलिशने घासणं) करून मूळ रंग वर आणावा आणि मग शेड जुळवावी, असं मला वाटतं. बरोबर आहे का?

पट्ट्यांवरूनही क्लिअर मारावं, की मास्किंग टेप लावून ते झाकावेत? टेपच्या कडेला उठणारी रेघ कशी मिटवता? ज्यांनी स्वतः हे काम केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.