१३बी रोटरीचं वजन कुठून कमी करू?

सातारकर_टेक्सास:
नमस्कार मंडळी, इथे टेक्सासमध्ये गॅरेजात आरव्ही-७ हे घरी बांधायचं छोटं विमान बांधतोय, इंजिन जुन्या माझदा आरएक्स-७ गाडीमधलं नॉन-टर्बो १३बी, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणारं रोटरी. एसी कॉम्प्रेसर, पॉवर स्टीअरिंगचा पंप, एमिशनचा एअर पंप सगळं उतरवलं तरी जडच वाटतंय, त्यात पंख्यासाठी फेरे कमी करणारा रिडक्शन गिअरबॉक्स नि रेडिएटर यायचाय अजून. हे विमान लायकमिंगचं पिस्टन इंजिन धरून डिझाइन केलेलं, नाक त्याहून जड नकोय मला. बीडाची (ओतीव लोखंडाची) तिन्ही साइड हाउसिंग, म्हणजे रोटरच्या बाजूच्या भिंती, काढून अल्युमिनियमची टाकू का?

लेथवाला:
फ्लायव्हील काढलंस का आधी? मॅन्युअल गाडीचं असेल तर जाडजूड बीडाचं ताट आहे ते, माझं काट्यावर साडेनऊ किलो भरलं होतं. ऑटोमॅटिक गाडीचं मागचं काउंटरवेट (रोटरचा तोल सांभाळणारं वजन) आणि फ्लायव्हीलच्या जागी बसणारी पातळ फ्लेक्सप्लेट लाव. पण रोटरचं वजन सालाप्रमाणे बदललंय, तर काउंटरवेट तुझ्या रोटरला जुळणारंच घे, नाहीतर इंजिन थरथरून गिअरबॉक्स खाईल.

बीड_विरुद्ध_अल्युमिनियम:
हाउसिंगचा मोह मलापण झाला होता, बीडाची घनता ७.२ च्या आसपास नि अल्युमिनियमची २.७, म्हणजे तोच आकार निम्म्याहून कमी वजनात. पण रोटरच्या कडेच्या साइड सील त्याच भिंतीवर घासत राहतात, तिथे नुसतं अल्युमिनियम टिकत नाही, कडक कोटिंग लागतं. शिवाय तापलं की ते बीडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं आणि सगळं धरून ठेवणारे लांब बोल्ट स्टीलचे, मग गरम-थंड होताना बोल्टवरचा ताण पार बदलतो. पहिलंच इंजिन असेल तर बीड राहू दे भाऊ, मनापासून सांगतोय.

धावपट्टी_२७:
वरच्यांशी सहमत. फक्त ऑइल कूलरवर वजन वाचवू नकोस, रोटर आतून तेलानेच थंड होतो, कूलिंगचा साधारण एक तृतीयांश भार तेलावर असतो. रेडिएटरसाठी गाडीच्या एसीचे इव्हॅपरेटर कोर वापरतात बरेच जण, हलके पडतात. आणि एक्झॉस्ट! मी पातळ पत्र्याचा मफलर केला, आतल्या पट्ट्या थोड्याच तासांत तडकून बाहेर पडल्या, रोटरीचा धूर पिस्टन इंजिनापेक्षा फार तापलेला असतो.

सातारकर_टेक्सास:
धन्यवाद सगळ्यांना. हाउसिंगचा विषय बंद. माझी गाडी मॅन्युअलच होती, फ्लायव्हील आजच उतरवतो, आणि बॅटरी सीटच्या मागे नेऊन बॅलन्स परत काढतो.