लढाई संपली, आता घरी जा: टपालातल्या बायकांवर अन्याय झाला का?

जुना_पोस्टमन (धागा)
टपाल खात्यात ३४ वर्षं काढली, त्यातली अकरा जीपीओच्या घुमटाखाली. काल नातीशी वाजलं, ते इथे मांडतो. ती पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश टपाल खात्यावर प्रकल्प करतेय. १९१४ ला तिथे अडीच लाखांच्या आसपास नोकर होते, त्यातले सुमारे ७५ हजार सैन्यात गेले. त्यांच्या जागी हजारो बायका हंगामी घेतल्या. सॉर्टिंग केलं, पत्रं वाटली. लढाई संपल्यावर पुरुष परतले आणि बहुतेक हंगामी बायकांना नारळ मिळाला. नात म्हणते, धडधडीत अन्याय. मी म्हणतो, कसला अन्याय? खंदकात चिखल तुडवून आलेल्याला 'तुझी बीट, म्हणजे टपाल वाटायचा तुझा भाग, दुसरीला दिली' असं सांगायचं? हंगामी म्हणजे हंगामी. कामावर येतानाच माहीत होतं.

चाळकरीण
काका, नातीच्या बाजूने. परतला त्याची जागा त्याला द्या, कोण नाही म्हणतंय? पण जो परतलाच नाही त्याची बीट कुणाची? पोस्ट ऑफिस रायफल्स या टपालवाल्यांच्या एका पलटणीचेच १,८०० जण मेले. ती पत्रं चार वर्षं कोण वाटत होतं? आपल्याकडे नोकरीत माणूस गेला तर त्याच्या बायकोला अनुकंपावर घेतात. तिथे मात्र 'आता घरी जा'.
शिवाय लग्न केलं की बाईची नोकरी गेली, हा नियम त्या खात्यात लढाईच्या कितीतरी आधीपासून होता. उठला तो १९४६ ला, म्हणजे दुसरं महायुद्धही उरकल्यावर. त्यात कुठल्या सैनिकाची जागा अडली होती?

जुना_पोस्टमन
लग्नाच्या नियमाचं मी समर्थन करत नाही, तो मूर्खपणाच. पण रिकाम्या जागेवरही पहिला हक्क बेकार सैनिकाचा. आपल्याकडे आजही केंद्राच्या गट क पदांत माजी सैनिकांना १० टक्के राखीव आहेतच की. तेव्हा कुणी बोंबलत नाही.

लालबागचा_बंड्या
माझे आजोबा गिरणीत बदली कामगार. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कायमवाला आला नाही तर आत. 'बदली' हा शब्द कामाला नसतो हो, माणसाला चिकटतो. माग तोच, सूतही तेच. काकांचं 'माहीत होतं' हे गेटच्या आतल्या माणसाचं बोलणं आहे, राग मानू नका.

आरएमएस_रिटायर्ड
विलायतेचं पुरे, इथे काय झालं ते बघा. फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत 'तलवार' या नौदलाच्या तळावर नौसैनिक उठले. त्यांच्या मागण्यांत नौदलातून लवकर मोकळं करा आणि पुढे पोटापाण्याची सोय करा, हेही होतं. ११ जुलैला पोस्टमन आणि खालच्या श्रेणीतले नोकर देशभर संपावर गेले, कारण लढाईत महागाई भडकली आणि पगार मागे राहिला. २९ जुलैला त्यांच्या पाठिंब्याला कलकत्ता बंद. एकाला सैन्यातून मोकळं केलं तरी काम नाही, दुसऱ्याला काम असून पोट भरत नाही. बाई विरुद्ध सैनिक हे भांडणच सरकारने लावून दिलेलं.

चाळकरीण
हे फार सोयीचं झालं, दादा. सगळं सरकारवर ढकललं की संघटना सुटल्या. लढाईआधीचे नियम परत आणा, हा १९१९ चा ब्रिटिश कायदा कारखान्यांसाठी होता, पण तो कुणी लावून धरला होता? पुरुषांच्या संघटनांनीच. आणि सरकारी नोकरीत बायकांना समान पगार पूर्ण मिळायला तिथे १९६१ उजाडलं. बाई स्वस्त ठेवायची आणि मग 'स्वस्त बाई आमचा पगार पाडते' म्हणून तिलाच हाकलायची!

आरएमएस_रिटायर्ड
संघटनांचा मुद्दा मान्य. बाकी नाही.

जुना_पोस्टमन
बंड्या, राग नाही. एक सांगतो, नातीला सांगितलेलं नाही. उपनगरातल्या एका ऑफिसात असताना आमचा एक पोस्टमन एपीएसमध्ये, म्हणजे लष्कराच्या टपालात, डेप्युटेशनवर गेला. त्याच्या बीटवर एक बाई 'आउटसायडर' म्हणून रोजावर घेतली. तीन वर्षं पावसात, गुडघाभर पाण्यात तिने टपाल वाटलं. तो परतला तेव्हा बीटवरच्या निम्म्या चाळी जाऊन टॉवर उभे होते, विंगांची नावं बदलली होती. कोण कुठल्या ट्रान्झिट कॅम्पात गेलं ते फक्त तिला ठाऊक. तीन दिवस ती त्याच्याबरोबर हिंडून एकेक दार दाखवत होती. जागा त्याचीच होती, हे मी आजही म्हणेन. पण त्या तीन दिवसांचा रोज तिला मिळाला नाही. हजेरी माझ्याकडे होती.

लालबागचा_बंड्या
काका, ती पुढे कुठे गेली?

जुना_पोस्टमन
डबे करायची, असं ऐकलं. विचारायला मी गेलो नाही.